शाळेच्या वेळेतले मैदान : अक्कलकोट रस्त्यावरील एका माध्यमिक शाळेविषयी पालकाचा अभिप्राय

माझी मुलगी पाचवी ते दहावी या शाळेत शिकून यंदा बाहेर पडली आणि मुलगा सध्या तिथेच सातवीत आहे. सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला, एमआयडीसीच्या अलीकडच्या वसाहतींमध्ये असलेली ही अनुदानित, मराठी माध्यमाची माध्यमिक शाळा आहे. म्हणजे शिक्षकांचे पगार शासन देते आणि इमारत, मैदान व रोजचा कारभार संस्थेकडे असतो. शाळेचे नाव मी लिहिलेले नाही, कारण पुढे काही उणिवाही स्पष्टपणे मांडायच्या आहेत आणि त्यांपैकी बहुतेक उणिवा या एकाच शाळेच्या नाहीत. हद्दवाढ भागात मुलांसाठी शाळा शोधणाऱ्या पालकांनी शाळेत गेल्यावर नेमके काय पाहावे आणि काय विचारावे, हे आमच्या अनुभवावरून त्यांना ठरवता यावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

दहावीचा निकाल चांगला लागतो, पण तो हल्ली बहुतेक शाळांचा चांगलाच लागतो, म्हणून त्याविषयी फार लिहीत नाही. मला ही शाळा वेगळी वाटते ती तिच्या विद्यार्थी उपक्रमांमुळे, आणि त्यातही उपक्रम किती आहेत यापेक्षा ते कोणत्या वेळेत घेतले जातात यामुळे. खो-खो, लेझीम, हस्तलिखित, हरित सेना, विज्ञान मंडळ, नाटक यांपैकी काहीही इथे शाळा सुटल्यावर होत नाही. बुधवारच्या शेवटच्या दोन तासिका आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेत मधल्या सुट्टीनंतरचा सगळा वेळ वेळापत्रकातच उपक्रमांसाठी राखलेला आहे, आणि प्रत्येक मुलाने वर्षाच्या सुरुवातीला एक उपक्रम निवडायचाच, असा नियम आहे. वाचताना ही बाब किरकोळ वाटेल. ती किरकोळ का नाही, हे कळण्यासाठी शाळेभोवतीची वस्ती समजून घ्यावी लागते.

१९९२ मध्ये शहराची हद्द वाढली आणि भोवतालची गावे व माळ महापालिकेत आले. त्यानंतर हा भाग घरकुले, यंत्रमागाचे कारखाने आणि छोट्या छोट्या सोसायट्या यांनी भरत गेला. शाळेतील मुलांच्या घरी मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूही बोलली जाते. वडील मागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात आणि आई विड्या वळणारी, असे घर इथे अपवादाने नव्हे तर गल्लोगल्ली आढळते. विडीचे काम घरात बसून होते आणि मजुरी हजार विड्यांवर ठरते. त्यामुळे पाच वाजता शाळेतून आलेली मुलगी पाने कापायला किंवा जुड्या बांधायला बसली, तर आईचे हजार विड्यांचे काम तेवढे लवकर उरकते. अशा घरातील मुलीने "मी सरावाला थांबते" असे म्हणणे म्हणजे घरच्या मजुरीतला एक तास मागून घेणे होय, आणि तो मागण्याचे धाडस बहुतेक मुली करत नाहीत. शाळा सुटल्यावर ठेवलेले उपक्रम म्हणूनच आपोआप मोकळ्या वेळेची ऐपत असलेल्या मुलांचे होऊन जातात. मुलींच्या बाबतीत अंधार पडण्याआधी घरी पोहोचण्याचा प्रश्नही त्यात मिसळलेला असतो.

या फरकाकडे माझे लक्ष जाण्याला एक कारण आहे. माझी मुलगी चौथीपर्यंत शहरातील दुसऱ्या एका शाळेत होती. तिथल्या शेवटच्या स्नेहसंमेलनात नाच बसवायला बाहेरून माणूस आणला होता, त्याचे पैसे आणि पोशाखाचे भाडे पालकांनी द्यायचे होते. आम्ही ते दिले आणि मुलगी पहिल्या रांगेत नाचली. तिच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीच्या घरून पैसे आले नाहीत, म्हणून सराव चालू असताना ती जवळजवळ तीन आठवडे रोज शेवटचे दोन तास रिकाम्या वर्गात वही उघडून बसत होती. हे मला मुलीने कार्यक्रम होऊन गेल्यानंतर एके रात्री जेवताना सांगितले, आणि आपण टाळ्या वाजवल्या त्या कार्यक्रमाच्या मागे हे घडत होते, याचे मला फार वाईट वाटले. २०२० मध्ये आम्ही घर बदलले आणि शाळाही बदलली. पाचवीचे वर्ष कोरोनामुळे मोबाइलच्या पडद्यावरच गेले. ही शाळा आम्हाला खऱ्या अर्थाने कळू लागली ती सहावीपासून.

शाळेचा मुख्य खेळ खो-खो आहे. सोलापूर जिल्ह्यात हा खेळ चांगला मुरलेला आहे, वेळापूर आणि वाडीकुरोलीसारख्या गावांतूनही त्याचे खेळाडू घडलेले आहेत. शिवाय दोन खांब आणि चुन्याची फक्की एवढ्या साहित्यावर तो उभा राहतो, हे अशा वस्तीतल्या शाळेच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. मैदान मुरमाड आणि कडक आहे. मात्र दोन्ही खांबांभोवतीची जमीन खोदून तिथे चाळलेली मऊ माती भरलेली आहे, कारण खांबाजवळ सूर मारताना सर्वांत जास्त खरचटते. दर वर्षी जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, ती माती उकरून पुन्हा चाळण्याचे काम मुलेच करतात.

सहावीच्या मुलींचा पहिला महिनाभराचा सराव मी कुंपणाच्या बाहेरून बऱ्याचदा पाहिला आहे. त्यात पळणे जवळजवळ नसतेच. क्रीडाशिक्षक मुलींना फक्त पाटीवर, म्हणजे मैदानावर बसण्यासाठी आखलेल्या जागेवर, बसायला आणि उठायला शिकवतात : दोन्ही हातांची बोटे जमिनीवर टेकलेली, एक पाऊल मागे, टाच उचललेली, नजर समोरच्या बाजूला. मागून पाठीला हात लागला आणि "खो" ऐकू आला की एका झटक्यात उठायचे. शब्द येण्याआधी उठले तर नियमभंग आणि उशिरा उठले तर पळणारी मुलगी तेवढ्यात दोन पाट्या पुढे निघून गेलेली असते. आठ जणी आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेल्या असतात आणि नववी पाठलाग करत असते. तिला एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही, दोन खांबांमधली, बसलेल्या मुलींची रांग ओलांडून पलीकडे जाता येत नाही, वळायचे असेल तर खांबापर्यंत जावे लागते. त्यामुळे वेगाने धावू न शकणारी, अंगाने जड असलेली मुलगीदेखील पाटीवर चपळ असेल तर संघाला हवीच असते. माझी मुलगी स्वतः फार वेगवान नव्हती. तिला हा खेळ आवडला तो, आपण बसलेल्या जागेवरूनही सामना फिरवू शकतो, हे तिला पहिल्या महिन्यातच कळले म्हणून.

बुधवारच्या तासिकांत सरांची आणखी एक पद्धत आहे, ती मला अतिशय योग्य वाटते. शाळेच्या संघातील मुली वेगळ्या खेळत नाहीत; त्यांना एकेक करून सगळ्या गटांत विभागले जाते. त्यामुळे "उरलेल्यांचा गट" असा गटच तयार होत नाही, आणि नव्या मुलींना चांगल्या खेळाडूच्या शेजारच्या पाटीवर बसून शिकायला मिळते. संघाचा सराव यामुळे थोडा कमी होतो हे खरे आहे, आणि मोठ्या स्पर्धांमध्ये शाळा फार पुढे जात नाही याचे ते एक कारण असावे. पण शाळेने ही किंमत समजून उमजून मोजली आहे आणि पालक म्हणून मला ती मान्य आहे.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताचे पुरुष व महिला दोन्ही संघ विजेते ठरले. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. त्या आठवड्यात शाळेने एका वर्गात सामने दाखवण्याची सोय केली होती. नंतरच्या बुधवारी मैदानाच्या कडेला मी नेहमीपेक्षा अधिक पालक पाहिले. त्यातील एक तेलुगूभाषक आई माझ्याशी बोलू लागल्या. त्यांची मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गात होती. त्या म्हणाल्या, "दादा, हे संध्याकाळी असतं ना, तर मी पाठवलेच नसते. घरी कामं असतात. शाळेच्या टायमात आहे म्हणून पोरगी खेळतीय." मी वर जे चार परिच्छेद लिहिले, ते त्यांनी तीन वाक्यांत सांगितले.

याच खेळाबाबत माझी शाळेवर एक तक्रारही आहे. मुलगी नववीत असताना मुलींचा संघ शहर पातळीवरील शालेय स्पर्धेत उतरणार होता. मुलींनी गणवेशाच्या पाठीवर क्रमांक शिवून घेतले होते. स्पर्धेच्या आठवड्यात क्रीडाशिक्षकांना शिक्षणाशी संबंध नसलेल्या सरकारी कामावर पाठवण्यात आले, त्यांच्या जागी मुलींबरोबर जाणारे कोणी मिळाले नाही आणि संघ मैदानावर पोहोचलाच नाही. समोरच्या संघाला पुढे चाल मिळाली. शिक्षकांवर अशी कामे लादली जाणे हा शाळेचा दोष नाही. परंतु मुख्याध्यापकांनी आदल्या दिवशी पालकांना नुसते विचारले असते, तरी आमच्यापैकी दोघे-तिघे सुट्टी काढून गेलो असतो. मुलींना ही गोष्ट स्पर्धेच्या दिवशी सकाळी, प्रार्थनेनंतर कळली. मी लेखी तक्रार दिली, तिची पोचही मिळाली, आणि त्यानंतरच्या वर्षी प्रत्येक संघासाठी एका शिक्षकाबरोबर एका पालकाचे नाव आधीच लिहून ठेवण्याची पद्धत सुरू झाली. तक्रार ऐकून घेऊन त्यावर काही करणारी शाळा आहे, हेही या अभिप्रायात नोंदवले पाहिजे. त्या मुलींची ती स्पर्धा मात्र गेली ती गेलीच.

लेझीम ही सोलापूरच्या मुलांना वेगळी शिकवावी लागते का, असा प्रश्न बाहेरगावच्या वाचकाला पडेल. इथे गणपतीच्या आधी गल्लोगल्ली लेझमीचा सराव चालतो आणि विसर्जन मिरवणुकीत मोठमोठी पथके खेळतात. मुलगे हे पाहत, त्यात शिरत मोठे होतात. मुली मात्र बहुतेक वेळा ओट्यावरून पाहतात. शाळेने लेझमीचे पथक मुलामुलींचे मिळून केले आहे आणि हलगी वाजवायलाही दोन मुली शिकल्या आहेत. शाळेच्या लेझमी जुन्या आहेत, लोखंडी चकत्या झिजल्या आहेत आणि लाकडी मुठी खडबडीत झाल्या आहेत. मुलांच्या तळव्यांना फोड येऊ नयेत म्हणून चित्रकलेच्या बाई टॉवेलच्या कारखान्यातून कडेच्या कापलेल्या पट्ट्या मागून आणतात आणि प्रत्येक मुठीला त्या घट्ट गुंडाळून दोऱ्याने शिवून टाकतात. कोणाची लेझीम कोणती, हे मुले त्या पट्टीच्या रंगावरून ओळखतात. माझ्या मुलाची गुलाबी काठाची आहे.

आता हस्तलिखिताविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझ्या मते शाळेचा हा सर्वांत चांगला उपक्रम आहे आणि बाहेरून आलेल्या पालकाला तो सहसा दाखवला जात नाही. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी एक विषय ठरतो आणि सुट्टीनंतर मुलांनी लिहिलेली, चित्रे काढलेली पाने एकत्र शिवून त्याचा एक अंक तयार होतो. एकच प्रत निघते आणि ती ग्रंथालयात राहते. मुलगी आठवीत असताना विषय होता "माझ्या घरी चालणारे काम". त्या अंकात एका मुलीने आजी विडी कशी वळते हे टप्प्याटप्प्याने लिहिले होते : पान ओले करून मऊ कसे करतात, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने ते कसे कापतात, तंबाखू किती घ्यायची हे आजी चिमटीनेच कसे ओळखते, तोंड कसे दुमडतात, दोरा किती वेळा फिरवतात आणि पंचवीसची जुडी कशी बांधतात. आजी तेलुगूत मोजते, म्हणून तिने आकडे तेलुगूतच देवनागरीत लिहिले होते. चित्रकलेच्या बाईंनी ते खोडले नव्हते. पानाच्या खाली मराठी आकडे लिहून दिले होते. "आजीची बोटे झोपेतही हलतात" असे त्या लेखातले एक वाक्य होते, आणि ते मला अजून आठवते.

त्याच अंकात एका मुलाने चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर कशी काढतात आणि तिच्यावरून जकार्ड मागासाठी भोके पाडलेले पुठ्ठे कसे तयार होतात, हे चित्रासह दाखवले होते. सोलापुरी चादरीचे नाव आपण सगळेच अभिमानाने घेतो, पण तिच्यावरचे फूल हे मुळात भोकांच्या रांगांमध्ये लिहिलेले असते, हे मला चाळिशी उलटल्यावर एका आठवीच्या मुलाच्या वहीतून कळले. गणिताच्या सरांनी ते पान पुढे आलेखाचा धडा शिकवताना वर्गात नेले. उपक्रम आणि अभ्यास यांचा मेळ घालावा असे परिपत्रकांत नेहमी लिहिलेले असते; तो मेळ मी प्रत्यक्ष पाहिला तो इथे.

हस्तलिखित करणाऱ्या गटाचेच दुसरे काम म्हणजे १२ जानेवारीचा कार्यक्रम. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागू झाला आणि त्या आंदोलनाच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. इतर ठिकाणी या दिवशी पाठ केलेली भाषणे होतात. इथे आठवीची मुले चौघाचौघांच्या गटाने पाचवीच्या वर्गांत जातात आणि एकेका हुतात्म्याची माहिती गोष्टीसारखी सांगतात. ऐकणाऱ्या मुलाला मराठी नीट कळत नसेल तर त्याच्या घरच्या भाषेत सांगण्याची मुभा असते. एका वर्षी माझ्या मुलीच्या गटातील मुलाने कुर्बान हुसेन यांची गोष्ट उर्दूत आणि दुसरीने धनशेट्टींची कन्नडमध्ये सांगितली. कार्यक्रम ४० मिनिटांत संपतो. हार, पाहुणे, आभार प्रदर्शन यांत वेळ जात नाही.

विज्ञान मंडळाविषयी मत संमिश्र आहे. शून्य सावलीचा प्रयोग त्यांनी फार चांगला बसवला आहे. सोलापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, म्हणून ऑगस्टचाच दिवस हाती राहतो आणि तेव्हा आभाळ भरलेले असते. मुले तीन-चार दिवस आधीपासून मैदानात सरळ नळी रोवून दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खडूने आखतात. सावली बारा वाजता नाही, तर साडेबाराच्या सुमारास सर्वांत आखूड होते, कारण आपले घड्याळ सोलापूरच्या पूर्वेला असलेल्या रेखावृत्तावर लावलेले असते, हे त्यांना त्या आखणीतून कळते. पाच वर्षांत माझ्या मुलीला एकदाच ढगांतून सूर्य मिळाला. त्या दुपारी सगळी शाळा पाण्याच्या बाटल्या जमिनीवर उभ्या करून त्यांच्याभोवती सावली शोधत होती.

प्रयोगशाळेची स्थिती मात्र याच्या उलट आहे. कपाटांना कुलपे असतात, काचेचे साहित्य फुटेल म्हणून मुलांच्या हाती दिले जात नाही आणि नववीपर्यंतचे बहुतेक प्रयोग शिक्षकांच्या टेबलावरच होतात. उघड्या मैदानात इतका विश्वास मुलांवर टाकणारी शाळा चार भिंतींच्या आत तो का टाकत नाही, हे मी पालक सभेत दोनदा विचारले आहे. उत्तर दोन्ही वेळा "पुढील वर्षी बघू" असेच मिळाले.

हरित सेनेचे काम साधे आहे आणि नियमित आहे. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे झाडांना पाणी देणे हा इथे सोहळ्याचा नव्हे, हिशेबाचा विषय असतो. शालेय पोषण आहारानंतर मुले हात धुतात ते पाणी एका चारीतून कडुलिंब आणि करंजाच्या रांगेकडे वळवलेले आहे, आणि चारीत अन्नाचे कण साचू नयेत म्हणून आळीपाळीने दोन मुले ती साफ करतात. वर्षातून एकदा नान्नजच्या माळढोक अभयारण्याची सहल असते. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या या अभयारण्यात माळढोक आता सहजासहजी दिसत नाही. मुलांना काळवीट दिसले, पक्ष्यांची नावे लिहिता आली, आणि ज्या माळाला आपण पडीक जमीन म्हणतो त्याच गवतावर एका पक्ष्याचे जगणे अवलंबून असते, हे शिक्षकांनी जागेवरच उभे राहून समजावले. या सहलीचा खर्च एसटीच्या भाड्याएवढाच येतो.

नाटक आणि स्नेहसंमेलन यांविषयी थोडक्यात सांगतो. पोशाख घरचे, संगीत शाळेतल्या मुलांचे, बाहेरचा दिग्दर्शक नाही, आणि वर्गातील प्रत्येक मूल एकदा तरी रंगमंचावर येते. कार्यक्रम लांबतो, ध्वनिव्यवस्था वाईट आहे, काही नाटुकल्या शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू येत नाहीत. तरीही चौथीच्या त्या अनुभवानंतर मला हेच संमेलन अधिक आवडते.

गुणांशी आणि पैशांशी जोडलेल्या उपक्रमांची माहिती पालकांनी आधीच करून घ्यावी. शासकीय रेखाकला परीक्षांची तयारी शाळा चांगली करून घेते. इंटरमिजिएट परीक्षेत ए श्रेणी मिळाल्यास दहावीला ७, बी श्रेणीला ५ आणि सी श्रेणीला ३ वाढीव गुण मिळतात. माझी अडचण अशी की, हे गुण कळल्यापासून चित्रकलेची मुळीच आवड नसलेली मुलेही तिथे गर्दी करतात आणि खरोखर चित्र काढणाऱ्यांना बाईंचा वेळ कमी मिळतो. आठवीतील राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, जिला सगळे एनएमएमएस म्हणतात, तिच्यासाठी गणिताचे सर शाळा भरण्यापूर्वी मोफत तास घेतात. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. ही परीक्षा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठीच आहे. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत मूल घालताना हा हिशेब अनेक पालकांच्या लक्षातच येत नाही. मागावर काम करणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाला ही शिष्यवृत्ती मिळाली आणि अकरावीला विज्ञान शाखा घ्यायची की आयटीआयला जायचे, या घरातल्या वादाचा निकाल त्या रकमेने लागला.

सर्वांत मोठी उणीव दहावीची आहे. नववीपर्यंत जो बुधवार आणि शनिवार शाळा इतक्या निष्ठेने जपते, तो दहावीला दिवाळीनंतर पूर्णपणे जादा तासांत जातो. माझ्या मुलीने शेवटचे चार महिने मैदानावर पाय ठेवला नाही. तिचे गुण त्याने वाढले असे मला वाटत नाही. डोकेदुखी आणि चिडचिड मात्र वाढली. आठवड्यातून एक तासिका ठेवली असती तरी चालले असते. दुसरी उणीव मुलींच्या सोयींची आहे. स्वच्छतागृहे आहेत, पण पाणी नसलेल्या दिवशी ती वापरण्याजोगी राहत नाहीत, आणि खेळाचे कपडे बदलायला वेगळी खोली नाही. सातवी-आठवीतल्या काही मुली याच कारणाने खो-खो सोडून हस्तलिखिताकडे जातात. त्यांना हस्तलिखित आवडते म्हणून त्या गेल्या, असे शाळेने समजू नये.

तिसरी गोष्ट उणीव म्हणावी की धोका, हे मला ठरवता येत नाही. वर लिहिलेले बहुतेक सगळे तिघा शिक्षकांच्या बळावर चालते : क्रीडाशिक्षक, चित्रकलेच्या बाई आणि गणिताचे सर. बाईंच्या निवृत्तीला थोडीच वर्षे उरली आहेत, आणि कला व क्रीडा शिक्षकांच्या रिकाम्या झालेल्या जागा अनुदानित शाळांत सहजी भरल्या जात नाहीत. आपल्या जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा एक शिक्षक काय करू शकतो हे सर्वांनी पाहिले आणि त्याचा आम्हा सोलापूरकरांना रास्त अभिमान आहे. पण शाळेचा बुधवार एका बाईंच्या निवृत्तीबरोबर संपणार असेल, तर ती व्यवस्था अपुरी आहे. संस्थेने तरुण शिक्षकांना आतापासून बाईंबरोबर हस्तलिखिताला जोडून द्यावे, अशी सूचना मी केली आहे आणि यंदा मराठीच्या एका नव्या शिक्षिका त्यांच्याबरोबर बसू लागल्या आहेत.

प्रवेशासाठी एप्रिल-मेमध्ये जावे. पाचवीला जागा मिळतात, आठवीला मधूनच मिळणे अवघड असते. एप्रिलमध्ये उन्हामुळे शाळा सकाळची असते, तेव्हा साडेअकरानंतर कार्यालयात कोणी भेटत नाही. प्रवेशाच्या वेळी देणगी मागितली गेली नाही. मुलांचा खेळाचा गणवेश आणि सहली यांखेरीज उपक्रमांसाठी आम्हाला वेगळे पैसे द्यावे लागले नाहीत. मुख्याध्यापकांना भेटाल तेव्हा कोणत्या स्पर्धा जिंकल्या हे विचारण्याऐवजी बुधवारच्या शेवटच्या तासिकेला वर्गात किती मुले बसून राहतात, हे विचारा, आणि शक्य असेल तर स्वतः पाहा. ग्रंथालयातील हस्तलिखिताचे जुने अंकही मागून घ्या. ते कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवर असतात.

यंदा माझ्या मुलाने हरित सेना सोडून लेझीम घेतली आहे आणि मुलगी, तिचे महाविद्यालय दुपारी सुटते म्हणून, बुधवारी सहावीच्या मुलींना पाटीवर बसायला शिकवण्यासाठी सरांच्या परवानगीने जाते. पालकांनाही त्या वेळी मैदानाच्या कडेला उभे राहू देतात. फाटकावरच्या वहीत नाव आणि वेळ लिहावी लागते.